सोवळ्यातलं लाकूड

“उठव तेका! नवरो असलो म्हणान काय झाला, आधी खुर्ची उलटी कर!”

दादरच्या हॉलमध्ये, माझ्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात, स्टेजवर चढून आमचे परब ओरडत होते. समोर भाचा. डोक्याला फेटा, गळ्यात हार आणि बुडाखाली डेकोरेशनवाल्याने आणलेलं सिंहासन. त्या सिंहासनाला दोन सिंह, दोन मोर आणि कशाचं तरी एक तोंड होतं, ते घोड्याचं की मगरीचं यावर दोन्हीकडच्या मंडळींचं अजून एकमत झालेलं नाही. डेकोरेशनवाला छाती ठोकून सांगत होता, अस्सल सागवान आहे, आजोबांच्या वेळचं आहे. परबांनी त्याला सुरुवातीला अगदी हळू आवाजात एवढंच विचारलं होतं, “गाव खंयचो?”

“सातारा,” डेकोरेशनवाला म्हणाला.

“तुझो नाय रे. खुर्चीचो.”

तिथून गाडी घसरली. मुलीकडचे म्हणाले, मुहूर्त टळेल. आमच्याकडचे म्हणाले, टळू दे, पण कळू दे. शेवटी भाचाच उठला, त्यालाही आता राहवेना. चार मावसभावांनी सिंहासन उलटं केलं. परब गुडघ्यावर बसले, नखाने खालचा रंग खरवडला, नाक लावलं, डोळे मिटले. हॉलमध्ये सनईवालाही थांबला. मग परब उठले आणि हायकोर्टाचा निकाल वाचावा तसं म्हणाले, “हेका गाव नाय.”

भुसा दाबून केलेली फळी निघाली. वर सागवानी रंग. त्या दिवशी अर्धं वऱ्हाड उभ्याने जेवलं, कारण खुर्चीवर बसण्याआधी तिचं गाव विचारायचं की काय याची लोकांना भीती वाटायला लागली होती.

तर हे परब. लालबागच्या गल्लीत वहिनींचा पोळपाट-लाटण्यांचा कारखाना आहे, तिथलं लाकडाचं स्टोअर ते सांभाळतात. मी तिथला क्लार्क सुर्वे, म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक पंखा, आणि या तिघांपैकी एकजण रोज बंद असतो. वहिनी म्हणजे मालकीणबाई. मालक गेले तेव्हा सगळ्यांनी त्यांना सल्ला दिला, गाळा विकून टाका. त्यांनी पदर खोचला आणि लाकूड कापायचा बँडसॉ शिकून घेतला. कारखान्यात आम्ही एकूण अकरा माणसं.

परब साठीच्या पुढचे. किती पुढचे, हे त्यांनी आधारकार्डालाही नीट सांगितलेलं नाही. अंगाने फूटपट्टी. दोन्ही कानांवर पेन्सिली, डावीकडे तांबडी, उजवीकडे काळी. आणि नाक असं की भायखळ्याच्या मार्केटात कुणी आंब्याची पेटी फोडली तर हे लालबागला बसून सांगतील, पेटी देवदाराची आहे. मी थोडं वाढवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. थोडंच वाढवलंय.

जगातली प्रत्येक लाकडी वस्तू परबांच्या लेखी नुकतीच एसटीतून उतरलेली पाहुणी असते आणि तिला पहिला प्रश्न तोच, “गाव खंयचो?” गिरगाव चौपाटीवर आम्ही कुल्फी घेतली तर कुल्फी वितळून मनगटावर आली तरी हा माणूस काडीच बघत होता. कुल्फीवाल्याने शपथेवर सांगितलं की काडी त्याने केलेली नाही. परळच्या एका उडप्याकडे त्यांनी मॅनेजरला बोलावून टूथपिक कुठून आणल्या ते विचारलं. त्या बिचाऱ्याला वाटलं महापालिकेचे आलेत, त्याने आमच्या टेबलावर न मागता दोन शिरे पाठवले. नायगावच्या मैदानात तर हे सरळ पिचवर गेले. बॅट्समन स्टान्स घेऊन उभा, बोलर अर्ध्या रनअपमध्ये, आणि हे मधे उभे राहून बॅटचा वास घेतायत. अंपायरने डेड बॉल दिला. स्कोअररने वहीत लिहिलं, ‘खेळ थांबला: काका.’

हे वेड कुठून आलं, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी ते दारूखाना बंदराजवळच्या लाकडाच्या वखारीत मापाड्या होते. ओंडके यायचे, हे टेप लावून मापं घ्यायचे, खडूने आकडा टाकायचे. ओंडके हत्तीएवढे असायचे. कुठून यायचे? बोटीतून. बोटीच्या आधी? ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाला ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

“एकदा एक ओंडको इलो,” परब म्हणाले. “त्याच्या ढोलीत पाखराचा घरटा होता. अंडी होती आत. सुकलेली. मुकादमाक विचारलंय, हो खंयचो? तो म्हणालो, तुका काय करूचा असा, आकडो घाल. मी आकडो घातलंय.”

त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारायला सुरुवात केली ती अजून थांबलेली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मधे आमचा धंदा असा बसला की विचारू नका. लोक पोळ्या विकत आणायला लागले. जे घरी करत होते ते ओट्यावरच लाटायला लागले. वहिनी हिशेब मांडून बसल्या होत्या की गाळा द्यायचा कुणाला, आणि तेवढ्यात जर्मनीहून एका साहेबाचं पत्र आलं. हा साहेब मुंबईत कुणाकडे तरी जेवायला गेला होता, तिथे त्याने पोळपाट पाहिला, आणि त्याला तो इतका आवडला, इतका आवडला, की त्याने ठरवलं, यावर चीज ठेवायचं. गोल पाट, खाली तीन पाय, मधे चीज, भोवती द्राक्षं. त्याच्या देशभरच्या दुकानांत हे ठेवायचं होतं. पोळपाटाचा असा परदेशात पुनर्जन्म होईल हे आमच्यापैकी कुणाला स्वप्नातही आलं नसतं.

पण अट होती. सर्टिफिकेट. ज्या जंगलातून, ज्या मळ्यातून लाकूड आलं तिथे झाडं बेतानं तोडली, परत लावली, तिथल्या माणसांना विचारलं, पाण्याची आणि पाखरांची काळजी घेतली, हे तपासून शिक्का देणारे लोक जगभर आहेत. आणि नुसता जंगलाला शिक्का पुरत नाही. झाड पडल्यापासून माल दुकानात पोचेपर्यंत ज्याच्या ज्याच्या हातातून लाकूड जातं त्या प्रत्येकाकडे तसा शिक्का हवा. साखळी म्हणतात तिला. एक कडी तुटली की सगळं गेलं. तर आमच्या कडीला शिक्का मिळाला तर ऑर्डर, आणि ऑर्डर मिळाली तर कारखाना. नाही मिळाला तर वहिनींनी स्पष्ट सांगितलं होतं, गणपती झाले की शटर खाली, अकरा जणांनी आपापलं बघावं.

हे समजवायला एक टाय लावलेले सल्लागार आले. त्यांनी भिंतीवर चित्रं पाडून दोन तास भाषण केलं. ट्रेसेबिलिटी, सेग्रिगेशन, कंप्लायन्स. आमचे लालजी मिस्त्री, मूळचे गोरखपूरचे, डोळे उघडे ठेवून झोपले. टायवाले गेल्यावर वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. “सुर्वे, तुम्ही इंग्रजीवाले. एका वाक्यात सांगा.”

मी म्हटलं, “शिक्क्याचं लाकूड आणि बिनशिक्क्याचं लाकूड एकमेकांत मिसळायचं नाही. शिवायचं नाही. ठेवायचं वेगळं, कापायचं वेगळं, भुसाही वेगळा.”

परब इतका वेळ कोपऱ्यात फळीला टेकून उभे होते. ते म्हणाले, “म्हणजे सोवळा.”

आणि सगळ्यांना कळलं. दोन तासांत जे डोक्यात गेलं नव्हतं ते तीन अक्षरांत गेलं.

मी जरा चाचरलो. म्हटलं, “परब, तो शब्द नको. त्या शब्दाने माणसांचं काय काय केलंय ते आपल्याला माहीत आहे.”

“माणसांक लावलो, थंयच चुकला,” परब म्हणाले. “लाकडाक लावूचो होतो.”

दुसऱ्या दिवसापासून परबांचं राज्य सुरू झालं. केरळातून शिक्क्याचं रबराचं लाकूड यायला लागलं. रबराचं म्हटल्यावर लालजीने आधी लाटणं वाकवून बघितलं, ते वाकलं नाही, मग तो कामाला लागला. परबांनी स्टोअरमध्ये जमिनीवर गेरूची जाड रेघ ओढली. रेघेच्या आत सोवळं, बाहेर ओवळं, म्हणजे आमचं नेहमीचं आंब्याचं लाकूड. आतला झाडू वेगळा, बाहेरचा वेगळा. मशीनवर आंबा कापला की रबराला हात लावण्याआधी मशीनची आंघोळ, म्हणजे हवेचा पाइप मारून, ब्रश मारून, भुशाचा शेवटचा कण निघेपर्यंत. परब भिंग घेऊन तपासायचे. भुशाची पोती वेगळी, त्यांवर तांबड्या पेन्सिलीने तारीख.

एकदा लालजीने आंब्याची फळी रेघेच्या आत टेकवली. क्षणभर, बिडी पेटवायला. झालं. ती फळी ज्या ढिगाला टेकली तो अख्खा ढीग परबांनी बाहेर काढला.

“अरे काका, सिर्फ टच हुआ,” लालजी म्हणाला.

“बाटला,” परब म्हणाले.

वरच्या दोन फळ्यांनाच काय ते टेकलं होतं, पण परबांचं म्हणणं, आता कुठली कुठली हे छातीवर हात ठेवून सांगता येतं का? येत नसेल तर सगळी. मग त्यांनी तिसरी जागा केली आणि तिन्ही जागांवर स्वतःच्या अक्षरात पाट्या लावल्या: ‘सोवळ्यातलं’, ‘ओवळं’, ‘बाटलेलं’. बाटलेल्या लाकडाची लाटणी भायखळ्याला विकली गेली. पोळ्या त्या लाटण्यांनीही तितक्याच गोल होतात, पण ते परबांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

याहून मोठा प्रकार म्हणजे शुक्रवारचा फोन. प्रत्येक गाडीबरोबर कागद यायचा, त्यावर लॉट नंबर. परबांचं नंबरावर समाधान होईना. नंबर म्हणजे काय गाव झालं? त्यांनी कोट्टयमजवळच्या त्या सॉ मिलला फोन लावला. तिथे त्यांच्यासारखाच एक स्टोअरकीपर निघाला, कुट्टन नावाचा. परबांना मल्याळी येत नाही. कुट्टनला मराठी येत नाही. दोघांचं हिंदी ऐकलं तर हिंदी आपणहून देश सोडून जाईल. तरी दर शुक्रवारी चार वाजता अर्धा तास हे बोलायचे. लॉट नंबर कसा तरी हिंदीत व्हायचा, मळेवाल्याचं नाव, गावाचं नाव व्हायचं, आणि मग नुसत्या गप्पा. परब मालवणीत, कुट्टन मल्याळीत. मधेच दोघं एकदम हसायचे. कशाला, ते देवाला ठाऊक.

“पाऊस कसो?” परब विचारायचे.

तिकडून काही तरी यायचं आणि त्यात ‘मळा, मळा’ असं ऐकू यायचं. परब समाधानाने फोन ठेवायचे आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे: ‘मळा बरा आहे.’

एका शुक्रवारी फोन ठेवून ते मला म्हणाले, “सुर्वेनू, रबराचा झाड तीस वर्षां दूध देता. मग दूध आटता. तेवाच तोडतत, आदी नाय. आणि तोडला की थंयच नवा लावतत. कुट्टनान सांगलान.” हे एवढं कुट्टनने कुठल्या भाषेत सांगितलं, हे मी विचारलं नाही. माणसाने काही गोष्टींना हात लावू नये.

आणि मग तो दिवस उजाडला. ऑडिटर आल्या, लिसी मॅडम. पस्तिशीच्या, हातात टॅब, पायात बूट, चेहरा शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरचा. वहिनींनी सिद्धिविनायकाला आदल्या दिवशीच जाऊन आल्याचं मला कानात सांगितलं. लालजीने नवा शर्ट घातला होता, त्याची घडी सुद्धा मोडलेली नव्हती. मी तीन वेळा पाणी प्यायलो.

मॅडम स्टोअरमध्ये शिरल्या आणि पहिल्यांदा पाट्यांसमोरच थांबल्या. “यह क्या लिखा है?”

भाषांतराचं काम माझ्याकडे. मी म्हटलं, “मॅडम, धिस इज होली वुड. दॅट इज… नॉट होली.”

“और वह?”

“फॉलन वुड,” मी म्हटलं.

मॅडमने टॅबवर काही तरी लिहिलं. वहिनींनी डोळे मिटले. मग मॅडमने रेघ पाहिली, दोन झाडू पाहिले, भुशाची पोती पाहिली. रेघ ओलांडून त्या आत पाऊल टाकणार तेवढ्यात परब आडवे आले.

“बूट,” परब म्हणाले.

“क्या?”

“मघाशी त्या साइडला गेला होतात तुम्ही. बुटाला आंब्याचा भुसा लागलाय.”

माझ्या डोळ्यांसमोर शटर खाली आलं. पण मॅडम खाली वाकल्या, बुटाकडे पाहिलं, खरंच भुसा होता, आणि त्यांनी मुकाट्याने बूट काढले. मोज्यांवर आत गेल्या. नंतर कळलं की एवढ्या वर्षांत त्यांना कुठल्या कारखान्याने असं अडवलं नव्हतं.

त्यांनी बांधलेल्या मालातून डोळे झाकून एक पोळपाट उचलला. “याचं लाकूड कुठलं?”

हा प्रश्न ऐकायला परब किती वर्षं थांबले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर असं उमटलं की मला वाटलं हे आता मॅडमच्या पाया पडतात. त्यांनी पोळपाट उलटा केला. खाली कोरलेली बारीक खूण पाहिली, वही उघडली आणि सांगायला लागले. लॉट अमुक. मिल कुट्टनची. मळा पाला नावाच्या गावाजवळचा, मळेवाल्याचं नाव तोम्मन, त्याच्या बायकोचं नाव अन्ना, झाडं लावली तेव्हा त्याची मोठी मुलगी पाळण्यात होती, आता तिलाच मुलगी आहे, तोडली त्या जागी नवी रोपं लावून झाली, त्यातली वर जाणारी रांग बकऱ्यांनी खाल्ली ती परत लावली.

“हे तुम्हाला कसं माहीत?”

“शुक्रवार,” परब म्हणाले.

मॅडमने तिथल्या तिथे मिलला फोन लावला, स्पीकरवर. परब नुसतं खाकरले आणि तिकडून आवाज आला, “परबच्चेट्टा?” म्हणजे त्यांच्याकडे परबदादा. मॅडमचा चेहरा बदलला. त्या कोट्टयमच्याच निघाल्या. त्यांची आणि कुट्टनची मल्याळीत जी झड लागली ती दहा मिनिटं थांबेना. सगळं जुळलं, बकऱ्यांसकट. फोन ठेवून त्यांनी परबांची वही चाळली. “हे प्रत्येक शुक्रवारी काय लिहिलंय?”

“मळा बरा आहे,” मी वाचलं. “म्हणजे मळ्याची खबर. कुट्टन सांगतो.”

“कुट्टन ‘मळा’ म्हणतो?”

“दर वेळी.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या, आणि अशा हसल्या की फळीला धरून उभ्या राहिल्या. मल्याळीत त्या शब्दाचा अर्थ पाऊस. परब विचारत होते पाऊस कसा, कुट्टन सांगत होता पाऊस, पाऊस. तिकडे पूर येऊन घरात पाणी शिरलं होतं आणि इकडे आमच्या वहीत मळा बरा होता. लालजीसुद्धा हसला. परबांनी जराही न डगमगता वही मिटली.

“पाऊस पडलो म्हणजे मळो बरोच,” ते म्हणाले.

इथेच सगळं संपलं असतं तर मी ही गोष्ट आणखी वाढवून सांगितली असती. पण मॅडमने शेवटी माल मोजला. कॉम्प्युटर म्हणत होता पोळपाट चारशे ऐंशी. खोक्यांत निघाले चारशे एकोणऐंशी.

परत मोजले. तेवढेच.

एक पोळपाट म्हणजे काही जंगल नव्हे, पण साखळीत एकच कडी तुटायला लागते. शिक्क्याचा एक नग जर हिशेबाबाहेर जातो, तर शंभर जात नाहीत कशावरून? मॅडमचं हसू गेलं. वहिनी खोक्यावर बसल्या. आणि मी, जो इतका वेळ इंग्रजी फाडत होतो, तो घामाने निथळायला लागलो, कारण चूक माझी होती. परबांच्या वहीत मला ती नोंद दिसली होती: ‘१ नग बाहेर.’ पुढे काही नाही. मला वाटलं म्हातारा मोजताना चुकला, म्हणून कॉम्प्युटरमध्ये मी ती घेतलीच नाही. परबांना दुरुस्त करायला निघालो होतो मी.

मी तोंड उघडलं. एक सुरेख थाप जिभेवर तयार होती, सॅम्पल, कुरियर, जर्मनी, सगळं. ती बाहेर पडणार तेवढ्यात परब म्हणाले, “माझ्याकडे असा.”

“म्हणजे?” वहिनी म्हणाल्या.

“घरी.”

“परब, तुम्ही मला सांगायला हवं होतं.”

“वहीत लिवलेला असा,” परब म्हणाले. मग मान खाली घातली. ज्या माणसाने अंपायरपुढे मान खाली घातली नव्हती, तो गेरूच्या रेघेकडे बघत उभा होता.

मॅडम म्हणाल्या, “मला तो नग बघावा लागेल.”

परबांची चाळ गल्लीच्या टोकाला. आम्ही निघालो, पुढे परब, मागे मॅडम, वहिनी आणि मी. मी त्यांच्याबरोबर वीस वर्षं काम करतोय, चौपाटीपासून मैदानापर्यंत त्यांच्यामागे फिरलोय, आणि त्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो हे मला जिना चढताना लक्षात आलं. ते कधी बोलवायचे नाहीत. आपणही कधी विचारत नाही.

दार उघडंच होतं. खिडकीशी काकू खाली बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला, आपला नसल्यासारखा. डाव्या हातात लाटणं आणि पुढ्यात तो पोळपाट.

“तुमी आत्ता कशे इलास?” काकू म्हणाल्या. बोलणं थोडं जड, पण सूर दरडावणीचाच. “आणि ही वरात कसली?”

“हाफिसातली माणसां. पोळपाट बगूक इली.”

“पोळपाट बगूक?” काकूंनी आम्हा सगळ्यांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कामा नायत काय तुमका?”

पोळपाट आमचाच होता, पण बदललेला. एका अंगाला बोटभर कड ठेवली होती, तिला पोळी अडायची, सरकायची नाही. तीन पायांच्या जागी चार, आणि प्रत्येकाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे दुसऱ्या हाताने धरावा लागू नये. लाटणंसुद्धा एका बाजूने जाड, एका बाजूने मुठीला बारीक. दोन वर्षांपूर्वी काकूंना झटका आला होता. आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी परबांनी चार दिवस सुट्टी घेतली होती आणि गावी देवाचं काही तरी आहे म्हणून सांगितलं होतं.

मॅडम खाली बसल्या, काकूंना विचारून पोळपाट उलटा केला. खूण होती, बारीक, कोरलेली, लॉटला लॉट जुळणारी. पिठाने भरली होती तरी वाचता आली. त्यांनी फोटो काढला, टॅबवर लिहिलं आणि मला म्हणाल्या, “वही बरोबर आहे. कॉम्प्युटर चुकलाय.”

एवढं मोठं सुख मला कुणी चूक काढल्यावर कधी झालं नव्हतं.

शिक्का मिळाला. कॉम्प्युटरमधला तेवढा आकडा दुरुस्त करून घेतला, बाकी एकही खोट न काढता मिळाला. टायवाले सल्लागार स्वतः फोन करून विचारत होते की ती होली-वुडची पद्धत कुठल्या पुस्तकात आहे. ज्या दिवशी चारशे एकोणऐंशी पोळपाट चीज वाहायला टेंपोत चढले त्या दिवशी गल्लीत बेंजो लावला. लालजी नाचला, वहिनी नाचल्या, समोरचा इस्त्रीवाला आमचा कोणी नसताना नाचला, आणि टेंपो गल्लीतून बाहेर पडायला दीड तास लागला, कारण लोकांना वाटलं कुठल्या तरी मंडळाचं आगमन आहे. दोन बायकांनी टेंपोला ओवाळलं. आज जर्मनीची तिसरी ऑर्डर चालू आहे, अकराचे आम्ही चौदा झालोय, आणि गाळा विकत मागायला जो एक माणूस यायचा तो हल्ली गल्लीतून जाताना नजर चुकवायला चष्मा पुसतो.

सर्टिफिकेटला वहिनींनी छान फ्रेम करून आणली होती. परबांनी फ्रेमवाल्याला एकच प्रश्न विचारला. फ्रेम परत गेली आणि सर्टिफिकेट खळीने भिंतीला चिकटवलंय.

त्या बेंजोच्या दिवशी गल्ली पांगल्यावर मी आणि परब कारखान्याच्या पायरीवर चहा घेऊन बसलो होतो. डोक्यात गुलाल, कानांवर पेन्सिली. दुपारचा एक वाजत आला होता आणि ते सारखे चाळीच्या दिशेने बघत होते. घरी जेवायला जातात ते, रोज, एकच्या ठोक्याला. वीस वर्षं आम्ही त्यावरून त्यांना चिडवत आलोय, परबांना डबा परवडत नाही म्हणून.

मी म्हटलं, “परब, काकू अजून रोज करतात?”

“रोज.”

“एका हाताने चांगल्या होतात पोळ्या?”

परबांनी ग्लास पायरीवर ठेवला आणि उठले.

“नाय,” ते म्हणाले. “मी तीन खातंय.”